‘हेरिंगबोन’ : शब्द एक, धंदे अनेक. मराठीत याला काय म्हणावे?

कृष्णाकाठ (सांगली) :

नमस्कार मंडळी. मिरज तालुक्यातील आमच्या गावातले काही शेतकरी एकत्र येऊन क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाईप टाकून भूमिगत निचरा करणार आहेत. त्यांच्यासाठी मराठीत छोटी माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पाईप कोणत्या मांडणीने टाकावेत या प्रकरणात ‘हेरिंगबोन’ हा शब्द आला आणि तेथेच मी अडलो. मध्ये एक मुख्य पाईप, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके येऊन मिळणारे लहान पाईप, अशी ती मांडणी आहे. हेरिंग हा उत्तर अटलांटिक समुद्रातला मासा असून आपल्याकडची तारली त्याच्या नात्यातली आहे, म्हणून मी ‘माशाच्या काट्यासारखी मांडणी’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी घरासमोर फरशी घालायला आलेला कारागीर ‘ब्लॉक हेरिंगबोनमध्ये बसवू का?’ असे विचारू लागला, आणि त्याने जमिनीवर चार ब्लॉक मांडून दाखवले तेव्हा मला त्यात कणाही दिसला नाही आणि फासळ्याही दिसल्या नाहीत. संध्याकाळी पत्नीने भरतकामाच्या वहीत याच नावाचा टाका दाखवला, तो या दोहोंपेक्षा वेगळा निघाला. माझा प्रश्न असा की, या सगळ्यांना एकच नाव कशामुळे मिळाले, आणि मराठीत सर्वांना चालेल असा एक शब्द आहे का? आपापल्या कामातला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

आप्पा (वाळवा) :

साहेब, पुस्तिकेत चित्र मोठे काढा. शब्द काहीही ठेवला तरी शेतकरी आधी चित्र पाहतो.

सुईदोरा (सातारा) :

मी पंचवीस वर्षे शिवण आणि भरतकाम शिकवते, म्हणून टाक्यापुरते लिहिते. कापडावर दोन समांतर रेघा आखून घ्याव्यात. काम डावीकडून उजवीकडे पुढे जाते, पण प्रत्येक वेळी सुईचे टोक मात्र डावीकडे ठेवून लहानसा मागे जाणारा टाका घ्यावा लागतो. एकदा वरच्या रेघेवर, एकदा खालच्या रेघेवर. त्यामुळे दोरा वर आणि खाली दोन्हीकडे रेघेच्या जवळ स्वतःलाच ओलांडून जातो. नव्या मुली सुईचे टोक उजवीकडे करतात, मग ओलांडा पडत नाही आणि नुसती नागमोडी रेघ तयार होते. जाड कापडाची दुमड आतून पक्की करायला हा टाका उत्तम, कारण कापड ताणले तरी दोरा तुटत नाही. हाच टाका पातळ मलमलीवर उलट्या बाजूने दाट घातला, तर सुलट बाजूला फक्त सावलीसारखा रंग उमटतो आणि कडेने बारीक टिपा दिसतात. लखनवी चिकनकामातील छायेचे काम याच पद्धतीने होते. ज्याला आपण सिंधी टाका किंवा कच्छी काम म्हणतो, त्याचाही पाया हाच. आधी हा टाका मोकळा घालायचा आणि नंतर दुसरा दोरा त्यात गुंफत न्यायचा.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. या टाक्याला मराठीत ‘माशाचा काटा’ म्हणायला माझा आक्षेप आहे. भरतकामात माशाच्या काट्याचा म्हणून एक वेगळाच टाका आहे. त्याने पान भरतात आणि पानाच्या मधोमध खरोखरच शिरेसारखी रेघ तयार होते. हेरिंगबोन टाक्यात मधली रेघ नसतेच. दोघांना एकच नाव दिले तर माझ्या वर्गात गोंधळ होईल, म्हणून आम्ही हेरिंगबोनला हेरिंगबोनच म्हणतो.

विट्याचा माग (विटा) :

सुईदोराताईंनी मधल्या रेघेचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा आहे, कारण आमच्या कापडात सगळी कसोटी त्या मधल्या रेघेवरच ठरते.

यंत्रमागावर साध्या कापडात एक धागा वर आणि एक खाली असतो. ट्विलमध्ये दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येक पुढच्या बाण्याला (आडव्या धाग्याला) हा उतार एका धाग्याने सरकतो, त्यामुळे कापडावर तिरकी रेघ चढत जाते. मागावर चार वह्या (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी) असतील, तर वहिफणी करणारा माणूस त्यांतून ताण्याचे (उभे) धागे १, २, ३, ४, पुन्हा १, २, ३, ४ असे ओवत जातो. रेघेची दिशा उलटवायची असेल तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. चारनंतर ३, २, १ असे परत फिरले, तर रेघ टोकाला जाऊन जुळते आणि कापडावर अखंड नागमोड दिसते. पुष्कळ दुकानदार यालाच हेरिंगबोन म्हणून विकतात, पण ते खरे हेरिंगबोन नाही. खऱ्या हेरिंगबोनसाठी चारनंतर तीन टाळून एकदम दोनवर उडी घ्यावी लागते आणि पुढे २, १, ४, ३ असे उलटे ओवत जायचे. पुन्हा वळताना तीनवरून एकवर उडी. असे केले की वळणाच्या जागी चार नंबरचा धागा ज्या ज्या बाण्यावर वर असतो, नेमका त्या त्या बाण्यावर शेजारचा दोन नंबरचा धागा खाली जातो. दोन्हीकडच्या रेघा एकमेकींना भिडत नाहीत. त्यांच्यामध्ये सुरीने आखल्यासारखी सरळ उभी फट दिसते. पहिल्या प्रकारात वळणावर बाणा तीन धाग्यांवरून सैल लोंबतो, दुसऱ्यात तो दोनच्या पुढे जात नाही, म्हणून कापड वळणावरही तितकेच घट्ट राहते.

वहिफणी करणाऱ्याच्या हातून ही उडी एका जागी चुकली, तर चूक शंभर मीटर तशीच उतरत जाते. आमच्याकडे एकदा असे झाले. घडी घालणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत अर्धा बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) विणून झाला होता. त्या दिवसापासून नवीन बीम चढला की पहिला हातभर कापड मी स्वतः भिंगाखाली धरून प्रत्येक वळण मोजतो.

माझे मत असे की, कापडात कणा नसून फट असते. कणा काढून घेतला आणि फासळ्या तेवढ्या उरल्या, तर कसे दिसेल, तसे हे कापड दिसते. तरीही लांबून पाहिले की नजर मधोमध कणा आहे असे मानून घेते, आणि बहुधा त्या नजरेनेच नाव दिले असावे.

मिरजकर :

ट्यूरिनच्या चर्चमध्ये जपलेले जे लिननचे वस्त्र येशूचे कफन म्हणून प्रसिद्ध आहे, तेही याच विणीचे आहे ना?

विट्याचा माग (विटा) :

होय, पण तेथे तीन वर आणि एक खाली असा उतार आहे, त्यामुळे रेघ अधिक ठळक उठते. १९८८ मध्ये त्या कापडाच्या तुकड्याची किरणोत्सारी कार्बनने तपासणी झाली, तेव्हा त्याचा काळ इ. स. १२६० ते १३९० असा निघाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांचे कामाचे कपडे याच विणीच्या सुती कापडाचे असत. लोकरी ट्वीडच्या कोटात ती आजही सर्वांत अधिक दिसते.

आराखडा (सातारा) :

मी वास्तुरचनेचे काम करतो. आमच्याकडे हा शब्द विटांतून आला आणि फरशीत रुळला. आयताकृती तुकड्याची लांबी रुंदीच्या दुप्पट असेल, तर एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या कुशीला काटकोनात टेकवत जाता येते आणि कोठेही सरळ सांधा लांबपर्यंत जात नाही. आपल्याकडे मिळणारा २०० बाय १०० मिलिमीटरचा ब्लॉक याच मापाचा असतो. ही मांडणी दिसायला सुंदर आहे, पण तिचा खरा उपयोग भार वाटून घेण्यात आहे. गाडीने ब्रेक लावला किंवा चाक जागेवर वळवले की ब्लॉक पुढे ढकलला जातो. ओळीने लावलेल्या फरशीत ती पूर्ण ओळ सरकते, कारण सांधा त्याच दिशेने मोकळा असतो. हेरिंगबोनमध्ये धक्का दोन दिशांना फुटून शेजाऱ्यांत विरतो. म्हणून जेथे वाहने येतात तेथे हीच मांडणी घालावी, असा आग्रह धरला जातो.

आमच्याच इमारतीच्या फाटकापाशी एका ठेकेदाराने सोपे पडते म्हणून ओळीने ब्लॉक लावले. दोन पावसाळ्यांत वळणावरचे सांधे बोटभर उघडले आणि वाळू निघून गेली. पुढे आम्ही तेवढा भाग उचलून पुन्हा हेरिंगबोनमध्ये बसवला आणि कडेला काँक्रीटची पट्टी भरली. ती पट्टी विसरू नये. कडा मोकळी राहिली, तर कोणतीही मांडणी टिकत नाही.

या रचनेचा सर्वांत थोर वापर मात्र जमिनीवर नसून डोक्यावर आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात बांधला. एवढ्या मोठ्या घुमटाला जमिनीपासून लाकडी आधार देणे शक्यच नव्हते. घुमट वर जाऊ लागला की विटांचे थर आत कलतात आणि चुना वाळण्यापूर्वी वीट घसरू लागते. त्याने आडव्या विटांच्या मध्ये ठरावीक अंतरावर एक एक वीट उभी लावली. या उभ्या विटा खालच्या थरात रुतलेल्या असल्याने मधल्या आडव्या विटांना दोन्हीकडून आवळून धरत, आणि थराचे कडे पूर्ण होईपर्यंत काहीही घसरत नसे. उभ्या विटांची जागा प्रत्येक थरात थोडी सरकत गेल्यामुळे भिंतीत तिरके पट्टे वर चढलेले दिसतात. इटालियन लोक याला माशाचा कणा याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. त्यात हेरिंगचे नावही नाही.

आणखी एक गोष्ट मूळ प्रश्नाला उपयोगी पडेल. रोमन लोक फरशीत आणि भिंतीत विटा अशाच तिरक्या लावत, आणि लॅटिनमध्ये त्या कामाला ‘ओपस स्पिकाटुम’ म्हणतात. ‘स्पिका’ म्हणजे धान्याचे कणीस, आपली गव्हाची ओंबी. त्या भाषेला या विटांत मासा न दिसता ओंबी दिसली. जर्मन भाषेतही या नमुन्याच्या नावात मासा आहे, हेरिंग नाही. तेव्हा हेरिंगला धरून बसण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

कृष्णाकाठ (सांगली) :

ओंबी! आराखडासाहेब, हा शब्द मनाला भिडला. रब्बीत आमच्याच बांधाला उभी असलेली गोष्ट मी समुद्रात शोधत होतो.

जुना फिटर (कुपवाड) :

औद्योगिक वसाहतीत गिअरच्या कामावर माझे आयुष्य गेले, म्हणून लोखंडाची बाजू मांडतो. सरळ दातांचा गिअर फिरताना आवाज करतो, कारण प्रत्येक दात पूर्ण रुंदीने एकदम आदळतो. दात तिरका कापला की तो हळूहळू पकडीत येतो, आवाज कमी होतो आणि भारही अधिक पेलतो. पण तिरक्या दातामुळे शाफ्ट एका बाजूला रेटला जातो आणि तो रेटा बेअरिंगला सोसावा लागतो. उपाय असा की एकाच चाकावर अर्धे दात उजवीकडे कललेले आणि अर्धे डावीकडे कललेले ठेवायचे, म्हणजे दोन्ही रेटे एकमेकांना खाऊन टाकतात. हाच हेरिंगबोन गिअर.

विट्याच्या दादांनी फटीचा मुद्दा लिहिला तो वाचून मला आश्चर्य वाटले, कारण आमच्याकडेही नेमका तोच भेद आहे. दात कापणाऱ्या हत्याराला चाकाच्या मधोमध बाहेर पडायला जागा हवी, म्हणून बहुतेक ठिकाणी मध्ये खाच ठेवतात. खाच न ठेवता दोन्हीकडचे दात टोकाला अखंड जुळवायचे, तर वेगळ्या जातीचे यंत्र लागते. काटेकोर बोलणारे लोक फक्त या अखंड प्रकारालाच हेरिंगबोन म्हणतात आणि खाच असलेल्याला दुहेरी तिरक्या दातांचा गिअर म्हणतात. कापडात फट असेल तरच हेरिंगबोन, आणि गिअरमध्ये खाच नसेल तरच हेरिंगबोन!

सित्रोएन मोटारीच्या पुढे एकावर एक दोन कोन दिसतात ना, ते या दातांचेच चिन्ह आहे. आंद्रे सित्रोएन मोटारींच्या आधी असे गिअर बनवत असे. मोटारीचा कारखाना त्याने १९१९ मध्ये सुरू केला आणि खूण जुन्या धंद्याचीच ठेवली.

जोडणीची एक गोष्ट नव्या मुलांसाठी सांगून ठेवतो. अशा जोडीतला एक शाफ्ट लांबीच्या दिशेने किंचित मोकळा सोडावा लागतो. दोन्ही शाफ्ट घट्ट आवळले, तर भार एकाच बाजूच्या दातांवर येतो आणि ते खाऊन जातात. मोकळा सोडलेला शाफ्ट चालू झाल्यावर स्वतःहून आपला मध्य शोधतो. हात ठेवून पाहिले तर सुरुवातीला तो किंचित पुढेमागे होतो आणि मग शांत होतो. ते पाहण्याचा आनंद मला निवृत्त होईपर्यंत पुरला.

भट्टीवाले (खानापूर तालुका, सध्या परराज्यात) :

आमच्या भागातली कितीतरी घरे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायामुळे देशभर पसरली आहेत, मीही त्यातलाच. सोन्यात हेरिंगबोन नावाची चपटी साखळी येते. तिरके बारीक दुवे दोन्ही बाजूंनी मध्याकडे कललेले असतात आणि साखळी पाण्यासारखी चमकते. पण ती एकदा मुडपली की पडलेली घडी काही केल्या जात नाही, दुरुस्तीही कठीण, आणि मग ती मोडीत येते. घेणाऱ्या बहिणींनी ती गुंडाळून न ठेवता सपाट ठेवावी, एवढेच माझे सांगणे.

गोठा (फलटण) :

यंत्राने दूध काढण्याच्या मोठ्या गोठ्यांतही हाच शब्द आहे. मधोमध खड्ड्यासारखी वाट असते, त्यात धारा काढणारा उभा राहतो आणि दोन्हीकडच्या उंच ओट्यांवर गाई वाटेला तिरक्या उभ्या राहतात. गाय वाटेला समांतर उभी केली, तर एका कासेपासून दुसऱ्या कासेपर्यंत पूर्ण गाईएवढे चालावे लागते. तिरकी उभी केली की कासा जवळ जवळ येतात आणि वाकावेही लागत नाही. वरून पाहिले तर वाट हा कणा आणि गाई या फासळ्या. चार-सहा जनावरांच्या आपल्या मुक्त गोठ्यात याची गरज नसते, पण ज्यांच्याकडे जनावरे वाढत आहेत, त्यांनी विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे.

मिरजकर :

विमानांच्या महागड्या वर्गातही खुर्च्या वाटेला अशाच तिरक्या लावतात आणि त्या मांडणीला हेच नाव आहे. बर्फाचा चढ चढताना पायांतील घसरपट्ट्यांची (स्कींची) टोके बाहेर फाकवून जी पावले टाकतात, त्यांचे मागे उमटलेले ठसेही याच नावाने ओळखले जातात.

नवा घरमालक (कराड) :

माझी अडचण अगदी व्यवहारातली आहे. दिवाणखान्यात लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स घालायच्या आहेत. दुकानदार दोन नमुने दाखवतो आणि दोघांनाही हेरिंगबोन म्हणतो. दोघांत फरक काय?

आराखडा (सातारा) :

पट्टी चौकोनी कापलेली असून एका पट्टीचे टोक दुसरीच्या कुशीला काटकोनात टेकले असेल, तर ते हेरिंगबोन. पट्टीची टोके तिरकी कापून दोन पट्ट्यांची टोके समोरासमोर भिडवली असतील आणि मध्ये सरळ रेघ पडत असेल, तर ते शेव्हरॉन. पहिल्यात पायऱ्यांसारखी नागमोड दिसते, दुसऱ्यात अणकुचीदार बाण दिसतात. दोन्हींत भिंतीलगत तुकडे पडतात, म्हणून माल क्षेत्रफळापेक्षा दहा ते पंधरा टक्के अधिक घ्यावा. आणि कामाची सुरुवात भिंतीपासून न करता खोलीच्या मधोमध दोरी मारून तिच्यापासून करून घ्या, कारण भिंती क्वचितच काटकोनात असतात आणि या नमुन्यात बोटभर फरकही लगेच डोळ्यांत भरतो.

सुईदोरा (सातारा) :

हे सर्व वाचून मला एक गोष्ट लक्षात आली, ती मांडते. येथे आलेली उदाहरणे दोन घराण्यांत विभागली जातात. शेतातील पाईप आणि दुधाचा गोठा, यांना खरा कणा आहे; तो काढला तर रचनाच कोसळते. विटा, फरशी, कापड, गिअर आणि माझा टाका, यांना कणा नाही. तेथे तिरक्या रेघा एकमेकींना भेटतात किंवा भेटता भेटता थांबतात. दुसऱ्या घराण्यातील ताकद कोणत्याही मधल्या आधारातून येत नाही, ती दोन विरुद्ध दिशा एकमेकींना अडवतात त्यातून येते. माझा टाका ताणला तरी तुटत नाही, आराखडासाहेबांचे ब्लॉक सरकत नाहीत आणि फिटरकाकांचा शाफ्ट रेटला जात नाही, याचे कारण एकच आहे. तेव्हा पुस्तिकेसाठी शब्द शोधताना तो पहिल्या घराण्यातला हवा. मी माझा आक्षेप शेतापुरता मागे घेते.

विट्याचा माग (विटा) :

ताईंचे म्हणणे पटले, फक्त एक भर घालतो. बुरूडकाम करणारे बांबूच्या तट्ट्या विणताना दोन पट्ट्यांवरून, दोन पट्ट्यांखालून जातात आणि मध्येच दिशा उलटवतात, तेव्हा हाच नमुना उठतो. यंत्रमाग येण्याच्या कितीतरी आधीपासून बैलगाडीच्या तट्ट्यांवर आपण तो पाहत आलो आहोत. विलायती नावाची वस्तू मुळात परकी नाही, एवढे मला नोंदवायचे होते.

कृष्णाकाठ (सांगली) :

सर्वांचे मनापासून आभार. सुईदोराताईंच्या विभागणीमुळे माझ्या डोक्यातील गुंता सुटला. आता ‘ओंबीसारखी मांडणी’ असे लिहावे असे वाटते. आप्पा, तुम्ही प्रत्यक्ष शेतकरी आहात, तुमचे मत हवे.

आप्पा (वाळवा) :

ओंबी हा शब्द गोड आहे, पण शेताला लागू पडत नाही. ओंबीचा दांडा दाण्यांनी झाकलेला असतो, तो दिसत नाही. आमच्या कामात तर सगळे लक्ष मुख्य पाईपवरच ठेवावे लागते. ओंबी विटांना द्या.

माझ्या साडेतीन एकरांत मीठ फुटले होते. उन्हाळ्यात जमीन पांढरी दिसायची, उसाचे कोंब पिवळे पडून जळायचे आणि पावसाळ्यानंतर महिनाभर पाय रुतायचा. पाटपाणी आणि उपसा सिंचन आल्यापासून आम्ही काळ्या जमिनीला हवे त्याहून अधिक पाणी देत गेलो, खालची पाण्याची पातळी वर आली आणि पाण्याबरोबर क्षारही वर आले. वरून कितीही खत टाकले तरी उपयोग नव्हता. खालून पाणी काढून नेणे हाच उपाय होता. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन मी माहिती घेतली, माती तपासून घेतली आणि मग पाईप टाकले.

माझ्या रानाच्या मधोमध ओघळ आहे आणि जमीन दोन्हीकडून ओघळीकडे उतरते. अशा रानालाच ही मांडणी शोभते. ओघळीच्या तळाने मुख्य पाईप नेला आणि दोन्ही अंगांनी सच्छिद्र पाईप आणून त्याला जोडले. ते काटकोनात न जोडता तिरके जोडले, म्हणजे आत येणारे पाणी मुख्य पाईपच्या वाहण्याच्या दिशेनेच शिरते. आडवे आदळले तर गाळ तेथेच बसतो. सच्छिद्र पाईपला गाळणीचे कापड गुंडाळलेले असते, ते ओढताना फाटू देऊ नका. रान सपाट आणि चौकोनी असेल तर मात्र ही मांडणी करू नका. तेथे मुख्य पाईप एका बांधाने न्यावा आणि सगळे लहान पाईप एकाच बाजूने समांतर आणून जोडावेत. जोड कमी लागतात आणि खर्च वाचतो. दोन्ही अंगांनी जोडले की मुख्य पाईपशेजारच्या पट्ट्याचा निचरा दोनदा होतो, सपाट रानात तो पैसा वाया जातो. हे वाक्य पुस्तिकेत ठळक छापा, कारण चित्र देखणे दिसते म्हणून सगळेच ते मागतील.

पहिल्या पावसाळ्यात मुख्य पाईपच्या मुखातून आलेले पाणी मी जिभेला लावून पाहिले होते, ते खारट लागले. त्या वर्षी नुसता धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) गाडला. दुसऱ्या वर्षी ऊस उभा राहिला.

नावाचे म्हणाल, तर आमच्याकडे याला शिंदीचा फडा म्हणावे. मधे जाड दांडा, दोन्हीकडे तिरकी पाने, आणि दांडा लांबूनही दिसतो. फड्याने खळे झाडलेले नाही असा शेतकरी आमच्या वयात सापडणार नाही.

सुईदोरा (सातारा) :

आप्पा, शिंदीचा फडा! याहून चांगले नाव सुचणार नाही.

जुना फिटर (कुपवाड) :

माझेही अनुमोदन. आम्ही कारखान्यात हेरिंगबोनच म्हणू, पण शेतात फडाच शोभेल.

कृष्णाकाठ (सांगली) :

ठरले. पुस्तिकेत ‘फड्याची मांडणी’ असे लिहितो, आणि कृषी खात्याच्या नकाशात शेतकऱ्यांना ‘हेरिंगबोन’ हाच शब्द दिसेल, म्हणून तोही एकदा देतो. सपाट रानाविषयीचे तुमचे वाक्य चित्राच्या लगेच खाली चौकटीत घेतले आहे. आप्पा, मंगळवारी आमच्याकडे चुन्याने आखणी करायची आहे. आपण येऊ शकाल का?

आप्पा (वाळवा) :

येतो. येताना ओढ्याकाठचा एक ताजा फडा तोडून आणतो, म्हणजे मंडळींना रानातच दाखवता येईल. फक्त एक ध्यानात ठेवा. फड्याची पाने शेंड्याकडे कललेली असतात, म्हणून चित्रात आणि रानात तो मांडताना बुंधा ओढ्याकडे आणि शेंडा चढाकडे ठेवा. उलटा ठेवलात, तर लहान पाईपांचे पाणी वाहत्या पाण्याच्या विरुद्ध तोंडाने शिरेल. आणि मुखाला जाळी बसवून ते ओढ्याच्या पाण्यापेक्षा हातभर वर ठेवा, नाहीतर पुराचा गाळ आत येतो आणि पाईपात बेडूक शिरतात.